खाशाबा विद्यापीठाचे नव्हते, भावा

नोव्हेंबर निम्मा सरला की आमच्या पेठेच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. 18 नोव्हेंबर हा शिवाजी विद्यापीठाचा वर्धापनदिन, त्यामुळं पाठवणाऱ्यानं मुहूर्त बरोबर साधलेला असतो. वर घोड्यावरच्या महाराजांच्या पुतळ्याचा फोटो, खाली भगव्या अक्षरांत मजकूर. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला. त्यातला एक खुद्द माझ्या आतेभावाकडून, आणि तो मास्तर आहे.

मजकूर असा: "राजर्षी शाहूंनी स्थापन केलेलं, आशियातलं सर्वांत मोठं आवार असलेलं, भारताला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारं, जयंत नारळीकरांसारखे शास्त्रज्ञ घडवणारं, खेळात देशात एक नंबर आणि गोरगरिबांना फुकट शिकवणारं देशातलं एकमेव विद्यापीठ म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ. नाद करायचा न्हाय!"

नाद करायचा न्हाय एवढं खरं. बाकी एक वाक्य धड पायावर उभं नाही. मी याच विद्यापीठात शिकलो, त्यामुळं कुणी म्हणेल की घरचंच माणूस उणं काढतंय. काढतोय, कारण हा मेसेज विद्यापीठाचं कौतुक करता करता दुसऱ्यांची कमाई त्याच्या खात्यावर टाकतो, आणि ज्यांची कमाई गेली त्यांची नावं त्यात कुठंच नाहीत.

सगळ्यात आधी ऑलिंपिकचं घेतो, कारण तेच वाचून माझं डोकं फिरलं.

खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला ब्राँझ घेतलं ते 1952 साली. शिवाजी विद्यापीठ सुरू झालं 1962 साली. दहा वर्षांचा फरक आहे, बोटावर मोजा. खाशाबा शिकत होते ते राजाराम कॉलेजात, आणि ते कॉलेज तेव्हा भवानी मंडपाजवळ होतं. तिथून खासबागेचं कुस्ती मैदान चालत पाच-सात मिनिटांवर. गोळेश्वरचा, म्हणजे कराडजवळच्या गावचा हा गडी. अंगानं लहान, डाव टाकण्यात चपळ. 1948 ला लंडनला गेला तेव्हा पहिल्यांदा मॅटवर उतरला, कारण आपल्याकडं सगळी कुस्ती मातीतली. तरी फ्लायवेटमध्ये सहावा आला. त्या वारीचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता.

हेलसिंकीच्या वेळी पैसे पुन्हा कमी पडले. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. 1952 चे सात हजार. कॉलेजचा निधी नाही, सरकारी अनुदान नाही, स्वतःचं राहतं घर! कोल्हापुरात ही गोष्ट तीन पिढ्या सांगत आल्या आहेत. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी मैदानं मारून ते पैसे फेडले, असंही जुनी माणसं सांगतात. आणि मेसेजमध्ये खर्डेकरांचं नावसुद्धा नाही. गंमत म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. म्हणजे विद्यापीठ त्यांना विसरलं नाही, विद्यापीठाचा अभिमान मिरवणारे विसरले.

"भारताला पहिलं" हेही जरा सांभाळून. हॉकीची सुवर्णपदकं 1928 पासूनची आहेत. खाशाबांचं पदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. एवढं लिहिलं असतं तरी छाती फुगायला पुरेसं होतं की.

आता "राजर्षी शाहूंनी स्थापन केलेलं". शाहू महाराज 6 मे 1922 रोजी गेले, विद्यापीठ आलं त्यानंतर चाळीस वर्षांनी. कोल्हापुरात कुठल्याही चांगल्या गोष्टीला शाहू महाराजांचं नाव लावायची आपल्याला सवय आहे, आणि दहातल्या सात वेळा ते बरोबरही निघतं. इथं नाही. पण महाराजांनी जे केलं ते विद्यापीठ काढण्यापेक्षा अवघड होतं, असं माझं मत आहे. त्यांनी पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 ला मुस्लिम बोर्डिंग, 1908 ला मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला शाळेची फी माफ करून भागत नाही. रात्री पाठ टेकायची कुठं आणि भाकरी कोण देणार, हे त्याचे खरे प्रश्न. ते महाराजांनी ओळखले. त्यातल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेला कुंभोजचा एक मुलगा पुढं कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून साताऱ्यात तेच काम करत राहिला. ही सगळी पोरं शिकली, त्यांची पोरं कॉलेजात आली, आणि मग या भागाला स्वतःचं विद्यापीठ असावं ही मागणी उभी राहिली. पोरं आधी, विद्यापीठ नंतर.

तोवर इथल्या कॉलेजांच्या परीक्षा दुसऱ्यांच्या हातात होत्या. आधी मुंबई विद्यापीठ, 1949 नंतर पुणे. म्हणून राजाराम कॉलेज काही कमी होतं असं नाही. कॉलेजचे वर्ग तिथं 1880 पासून भरतात. गोपाळ कृष्ण गोखले तिथं काही काळ शिकले. माधव जूलियन तिथं शिकवायला होते, ना. सी. फडकेही होते. एवढ्या माणसांचं कॉलेज सोडून मेसेजवाल्याला नसलेला इतिहास शोधत बसावं लागलं, हे मला खरंच कळत नाही.

खऱ्या स्थापनेची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं तो दिवस 18 नोव्हेंबर 1962. चीनचं युद्ध ऐन भरात होतं. त्याच दिवशी पहाटे लडाखमध्ये रेझांग लाची लढाई झाली. ज्या यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात हे विद्यापीठ झालं, ते त्याच आठवड्यात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सीमेवर जवान पडत असताना सागरमाळावर एक विद्यापीठ सुरू होत होतं. सुरुवातीला चौतीस कॉलेजं आणि चौदा हजारांच्या आसपास विद्यार्थी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी एवढा मुलूख. पुढं कोकण मुंबईला गेलं, 2004 ला सोलापूरनं वेगळी चूल मांडली. आता तीन जिल्हे उरलेत, पण कॉलेजं अडीचशेच्या वर गेलीत.

"आशियातलं सर्वांत मोठं आवार." याला फार वेळ देत नाही. विद्यापीठाचं आवार 853 एकरांचं. बनारस हिंदू विद्यापीठाचं मुख्य आवारच तेराशे एकरांचं आहे, हैदराबाद विद्यापीठाचं तेवीसशेच्या आसपास. आशिया राहू दे, आपण देशातही पहिले नाही. पण एकर मोजणाऱ्यानं एकदा तिथं पहाटे फिरायला जावं. हा मूळचा खडकाळ, उघडा माळ. आज झाडी इतकी आहे की सायकल ट्रॅक सोडून दहा पावलं आत गेलं की मोर ओरडतो आणि आपण दचकतो. तळी बांधून, विहिरी राखून, पावसाचं पाणी अडवून विद्यापीठानं आपल्या पाण्याची सोय आपणच केली. माळावर पाणी धरून ठेवणं काय असतं ते शेतकऱ्याच्या पोराला विचारा. एकर तर सरकार देतं.

नारळीकरांचं दोन ओळींत. त्यांचा जन्म 1938 चा, कोल्हापूरचा, हे बरोबर. शिक्षण बनारस आणि केंब्रिजला. जन्म गावचा म्हणून माणूस विद्यापीठाचा होत नाही, नाहीतर इथल्या सी.पी.आर. रुग्णालयात जन्मलेलं प्रत्येक पोर पदवीधर धरावं लागेल.

अभ्यासाचंच सांगायचं तर खरं सांगण्यासारखं आहे. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक. त्यांनी ताराबाईच्या काळातली कागदपत्रं संपादित करून विद्यापीठातर्फे खंड काढले. करवीरची गादी ज्या बाईनं राखली तिचे कागद करवीरच्याच विद्यापीठानं छापावेत, हे मला कुठल्याही मानांकनापेक्षा मोठं वाटतं. मानांकन हवंच असेल तर तेही आहे: 2021 ला नॅकनं, म्हणजे विद्यापीठं तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं, ए प्लस प्लस दिलं, चारपैकी गुण 3.52. पदार्थविज्ञान विभागातलं थिन फिल्मचं, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवरचं काम बाहेर नावाजलं जातं. पण असल्या गोष्टींवर भगवी अक्षरं बसत नाहीत बहुतेक.

"खेळात देशात एक नंबर." विद्यापीठांच्या खेळात देशात मोठा मान म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद करंडक. तो अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठानं वीसहून जास्त वेळा नेलाय. पंजाबातली विद्यापीठं खेळाडूंवर कसा पैसा आणि माणसं लावतात ते बघून यावं, मग एक नंबरच्या गोष्टी कराव्यात.

मेसेजच्या एका आवृत्तीत तेजस्विनी सावंत, वीरधवल खाडे, स्वप्नील कुसाळे अशी रांगच लावलीय. तेजस्विनी 2010 ला म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनची, म्हणजे पालथं पडून रायफल मारायच्या प्रकारातली जगज्जेती झाली, ती कोल्हापूरचीच. पण नेमबाजीत माणूस रेंजवर घडतो, प्रशिक्षकाच्या हाताखाली, आणि घरच्यांनी रायफलीसाठी काढलेल्या कर्जावर. वीरधवल पोहायला बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडं गेला. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तो तयार झाला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, नोकरी रेल्वेत, आणि 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी. कोल्हापूरच्या खेळाचं असंच आहे. इथं कुस्ती तालमीची, फुटबॉल पेठेचा. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या संघांची मॅच असली की शाहू स्टेडियमवर कोण कुठल्या विद्यापीठाचा हे कुणी विचारत नाही, कोण कुठल्या पेठेचा एवढंच विचारतात.

मग विद्यापीठ काय करतं? ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. आमच्या कॉलेजात शिरोळकडचा एक धावणारा होता. विभागीय स्पर्धेत पहिला, आंतरविभागीयला दुसरा आला आणि विद्यापीठाच्या संघात निवडला गेला. त्याला ट्रॅकसूट मिळाला, पाठीवर विद्यापीठाचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा तो महाराष्ट्राबाहेर गेला, तोही रेल्वेनं. स्पर्धेत काही मिळालं नाही. पण कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाकडून खेळलेला खेळाडू झाला, त्याचा सर्टिफिकेटला उपयोग झाला, आणि तो ट्रॅकसूट त्यानं लग्न होईपर्यंत घातला. विद्यापीठाचं क्रीडा खातं बहुतांशी अशा पोरांसाठी चालतं. ऑलिंपिकवाले त्यातून क्वचित निघतात, पोलीस आणि पीटीचे शिक्षक भरपूर निघतात. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

राहता राहिलं "फुकट". सवलती आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, पण फी आहे. तीही दरवर्षी भरावी लागते आणि रांगेत उभं राहून भरावी लागते. विद्यापीठात आहे ती कमवा आणि शिका योजना. तिच्या वसतिगृहाला आप्पासाहेबांचंच नाव आहे. पोरं दिवसाचे काही तास विद्यापीठाच्या कचेऱ्यांत काम करतात, उरलेल्या वेळात वर्ग आणि रात्री वाचनालय. माझा एक वर्गमित्र तिथं होता. दुपारी फाइलींवर नंबर टाकायचा, आणि संध्याकाळी मेसमध्ये ताटावर बसला की बोटांना शाई तशीच. आज तो बऱ्या हुद्द्यावर आहे. हा मेसेज त्यालाही गेला होता. बाकी सगळं सोडून त्यानं फक्त "फुकट" या शब्दाभोवती लाल वर्तुळ केलं आणि खाली त्या वर्षीच्या फीचा आकडा लिहून परत पाठवला, रुपये-पैशांसकट.