काम मिळाल्यानंतरच्या तीन महिन्यांचे काय?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडे माझे शालेय गणवेश शिवण्याचे छोटे युनिट आहे. चौदा मशिनी, काज-बटणाचे एक मशीन, कटिंगचे एक लांब टेबल आणि ऐन हंगामात अठरा माणसे, एवढाच पसारा. गेल्या वर्षी डिसेंबरात एक मावशी आपल्या एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. दहावी झालेली, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका केंद्रातून सहा महिन्यांचा शिवणकामाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला. त्याचे प्रमाणपत्र मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत, घडी पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवले होते. मी त्याला टीप मारून दाखवायला सांगितले. हात सरळ होता, घाई नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला.

आठवड्याभरात त्याच्याकडून दोन अख्खी बंडले वाया गेली. कारण अगदी साधे होते. मशीनच्या खालच्या बाजूला बॉबिनवर जो दोरा असतो तो संपला की वरून टीप पडल्यासारखी दिसते, पण कापड उलटून ओढले की शिवण सुटते. ऐकू येणाऱ्या कारागिराला त्या क्षणी मशीनचा आवाज बदललेला कळतो. त्याला आपण ऐकतो आहोत हेसुद्धा लक्षात येत नाही, इतकी ती सवय अंगवळणी पडलेली असते. या मुलाला तो आवाज कळणार कसा? तो मान खाली घालून दहा-दहा शर्टांच्या बाजू दोऱ्याशिवाय शिवत राहिला. कामावर देखरेख करणारे मास्तर चिडले. त्यांचे चिडणे त्याला ऐकू आले नाही, पण दिसले, आणि तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. मी मावशींना फोन करून त्याला परत बोलावले.

उपाय आमच्याकडच्या एका जुन्या कारागीर बाईंनी काढला. एका बॉबिनमध्ये साधारण किती शर्टांच्या बाजू होतात हे त्यांनी दोन दिवस मोजले आणि मग बंडल बांधताना दर तीस नगांनंतर लाल कापडाची एक चिंधी घालायला सुरुवात केली. चिंधी हाताला लागली की बॉबिन बदलायची, मग आत थोडा दोरा उरलेला असला तरी. पुढे तो डाव्या हाताची बोटे मशीनच्या पाट्यावर टेकवून काम करू लागला आणि दोरा संपल्यावर थरथर कशी बदलते ते त्याचे त्यालाच उमगले. आता चिंधीची गरज पडत नाही, तरी बाई सवयीने घालतात.

हे सगळे जुळायला साडेतीन आठवडे लागले. या पोस्टमध्ये मला जे म्हणायचे आहे ते त्या साडेतीन आठवड्यांविषयी आहे, कारण दिव्यांगांच्या रोजगारावर सरकारचा जो पैसा खर्च होतो तो नेमका याच ठिकाणी पोचत नाही. प्रशिक्षणाला अनुदान आहे. स्वयंरोजगाराला महामंडळाचे कर्ज आहे. शिलाई मशीन, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र यांचे वाटप आहे, आणि वाटपाचा कार्यक्रम तर असतोच. पण माणूस प्रत्यक्ष कामाच्या जागी पोचल्यानंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे अडते, ते सोडवण्यासाठी कोणाच्याही अंदाजपत्रकात एक ओळ नाही. माझ्या युनिटमध्ये तो खर्च कोणी केला? त्या बाईंनी. त्यांची मजुरी नगावर आहे, म्हणजे त्याला शिकवण्यात गेलेला प्रत्येक तास त्यांच्या खिशातून गेला. माझ्या हे उशिरा लक्षात आले, आणि मी त्यांना ते तास भरून दिले. ज्या कारखान्यात दीडशे माणसे नगावर काम करतात आणि सुपरवायझरला संध्याकाळी आकडा दाखवायचा असतो, तिथे हे कोणी करील अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे.

कायद्यात काही कमी आहे असे नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 हा चांगला कायदा आहे. 1995 च्या जुन्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व धरलेले आहे, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण 3 टक्क्यांवरून 4 टक्के झाले आहे, आणि ‘वाजवी सोय’, म्हणजे दिव्यांग माणसाला इतरांसारखे काम करता यावे म्हणून करायचा आवश्यक तो बदल, ही कल्पना त्यात स्पष्ट शब्दांत आली आहे. आमची लाल चिंधी म्हणजे कायद्याच्या भाषेत वाजवी सोयच, हे मला कायदा वाचल्यावर कळले. पण 4 टक्के आरक्षण सरकारी जागांपुरते, आणि सोलापुरात सरकारी जागा निघतात किती? इथला दिव्यांग तरुण काम करणार तो गारमेंटमध्ये, टॉवेलच्या कारखान्यात, किराणा दुकानात, हॉटेलात किंवा घरी विड्या वळत. खासगी क्षेत्राबद्दल कायदा म्हणतो की किमान 5 टक्के कामगार दिव्यांग असावेत यासाठी सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावे, आणि तेही सरकारच्या आर्थिक कुवतीत बसेल तेवढेच.

हे प्रोत्साहन कसे असते, तेही सांगते. 2008 साली केंद्र सरकारने एक योजना आणली. 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या दिव्यांग कामगाराला घेतल्यास मालकाच्या वाट्याची भविष्य निर्वाह निधीची आणि ईएसआयची (कामगारांच्या आजारपण-अपघाताच्या सरकारी विम्याची) वर्गणी पहिली तीन वर्षे सरकार भरणार, असे तिचे स्वरूप होते. ऐकायला बरे वाटते. पण भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना, आणि सोलापुरातली माझ्यासारखी कितीतरी युनिटे त्या रेषेच्या खालीच आहेत. उरली ईएसआय. मालकाचा वाटा सध्या 3.25 टक्के आहे, म्हणजे दहा हजारांच्या पगारावर महिन्याला 325 रुपये. कोणत्याही मालकाने एखाद्या माणसाला 325 रुपयांसाठी कामावर घेतले नसते आणि 325 रुपयांसाठी काढलेही नसते. त्याची अडचण वर्गणीची नसतेच. याच्याशी बोलायचे कसे, काम समजावायचे कसे, चुकला तर सांगायचे कसे, आणि हे सांगायला येणारे कोणी आहे का, हे त्याचे प्रश्न असतात. मी स्वतः खुणांची भाषा येणारे कोणी महिन्यातून चार वेळा येऊन जाईल का, याची दोन महिने चौकशी केली. एका कार्यालयातून मला कर्जयोजनेचा अर्ज हातात मिळाला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

आता त्याहून अवघड भाग. पहिला पगार द्यायच्या दिवशी मावशी आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “ताई, कागदावर पगार दाखवू नका वो.” मला आधी राग आला. मग त्यांनी संजय गांधी निराधार योजनेचे पासबुक काढले. 2025 पासून या योजनेत दिव्यांगांना दरमहा 2,500 रुपये मिळू लागले आहेत, आणि त्यासाठी दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. महिन्याला हिशेब केला तर 4,166 रुपये, आणि तेही पूर्ण कुटुंबाचे. सोलापुरात साध्या धागे कापणाऱ्या हेल्परचा पूर्ण महिन्याचा पगारही याच्या वर जातो, म्हणजे घरातल्या एका माणसाने धड नोकरी केली की मर्यादा ओलांडलीच. मावशी स्वतः विड्या वळतात, दर हजार विड्यांमागे मजुरी घेतात. मुलाचा पगार नोंदवला की वर्षाचे 30,000 रुपये जाणार, आणि नोकरी सुटली तर पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा तहसीलच्या चकरा, पुन्हा मंजुरीची वाट. ज्या बाईने मुलाच्या युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, श्रवणचाचणीच्या तारखांवर तारखा घेतल्या, तिला ‘पुन्हा’ या शब्दाचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो.

म्हणजे केंद्र सरकार म्हणते, दिव्यांग कामगार कागदावर दाखवा, तुमची वर्गणी आम्ही भरू. आणि राज्य सरकारची मदत तो कागदावर दिसताच थांबते. दोन्ही योजना दिव्यांगांच्या भल्यासाठीच आहेत आणि दोन्ही एकाच घरात एकमेकींच्या पायात पाय घालतात. परिणाम असा की माणूस काम करतो, पण नोंदीत नसतो; नोंदीत नसल्यामुळे ईएसआयचा दवाखाना नाही, अपघाताची भरपाई नाही, अनुभवाचा दाखला नाही. 2011 च्या जनगणनेत देशातील 2.68 कोटी दिव्यांगांपैकी 36 टक्केच काम करणारे म्हणून मोजले गेले होते. या आकड्यात किती मावशींनी “मुलगा घरीच असतो” असे सांगितले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माझे वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, होते. त्यांच्या तोंडी एका बहिऱ्या विणकराची गोष्ट नेहमी असे. मागाच्या शेडमध्ये धोट्याच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचेही बोलणे ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळेच खुणांनी बोलतात. दोरा तुटला, कांडी आण, चहा आला, मालक आला, प्रत्येकाला खूण ठरलेली. त्या शेडमध्ये तो विणकर कोणापेक्षाही कमी नव्हता. उलट नव्या कामगारांना खुणा तोच शिकवायचा. वडील हसत सांगायचे की दहा वर्षांनी आम्ही सगळेच त्याच्यासारखे झालो. त्यांना शेवटी खरोखरच कमी ऐकू येत असे, आणि त्याचे प्रमाणपत्र काढायला ते कधी गेले नाहीत. सांगायचे ते इतकेच की त्या माणसाला कोणतीही योजना लागली नाही, कारण कामाची जागाच योगायोगाने त्याच्या सोयीची होती. जिथे असा योगायोग नाही, तिथे ती सोय कोणीतरी मुद्दाम करावी लागते, आणि मुद्दाम करायच्या गोष्टीला पैसा लागतो.

इतर देशांनी हा पैसा कसा लावला हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये 1994 पासून एक सरकारी योजना आहे, जी नोकरी लागलेल्या दिव्यांग माणसासाठी दुभाषी, उपकरणे, कामावर जाण्या-येण्याचा जादा खर्च यांचे पैसे देते. ऑस्ट्रेलियात दिव्यांगांना नोकरी मिळवून देणाऱ्या संस्थांना 2018 पासून मोबदल्याचे टप्पे चार, तेरा, सव्वीस आणि बावन्न आठवड्यांना ठरलेले होते, म्हणजे माणूस जितका टिकेल तितके संस्थेला पैसे. यातही खोट आहे. अशा पद्धतीत संस्था सोपी माणसे आधी उचलतात आणि अवघड माणसे यादीत तशीच राहतात, ही तक्रार तिथे जुनी आहे, आणि 2025 च्या नोव्हेंबरात त्यांनी ती व्यवस्था बदलून नवी आणली. पण एक गोष्ट मला फार पटली. तिथे दिव्यांग पेन्शन घेणारा माणूस जास्त तासांची नोकरी करू लागला तर पेन्शन रद्द न होता दोन वर्षांपर्यंत स्थगित राहते, आणि त्या मुदतीत नोकरी गेली तर नव्याने अर्ज न करता ती पुन्हा सुरू करता येते. आपल्याकडे एवढा एकच नियम आला, तर मावशींना दबक्या आवाजात बोलावे लागणार नाही.

कामाच्या जागी पैसा देणे सरकारला जमत नाही असेही नाही. 2024 साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन थेट मिळते. आमच्या मुलाची दहावीच झाली आहे, म्हणून तो त्यातही बसत नाही. आणि महानगरपालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी आपल्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची, हा तर राज्याचाच नियम आहे. हा निधी खर्च होतो तेव्हा मी तरी तो थेट अनुदान आणि साहित्य यांवरच जाताना पाहिला आहे. त्यालाही माझा विरोध नाही; ज्याला काम शक्य नाही त्याला रोख मदत मिळालीच पाहिजे. पण त्याच निधीतून सोलापूर शहरासाठी चार माणसे नेमली, खुणांची भाषा येणारी, कारखान्यात जाऊन उभी राहणारी, नव्या कामगाराच्या शेजारी पहिले महिनाभर रोज तास-दोन तास बसणारी, तर गारमेंट आणि टॉवेलच्या युनिटांत किती मुले टिकतील याचा अंदाज माझ्या ओळखीतले कोणतेही मास्तर बोटांवर करून देतील. त्या माणसांचे काम किती जणांना प्रमाणपत्र दिले यावर मोजू नये. सहा महिन्यांनी कोण कामावर आहे, हे हजेरीपत्रकात पाहावे.

काही मित्र म्हणतील की तू मालक आहेस, तुला फुकट माणूस हवा आहे. फुकट नको. पगार मी देते आणि पुढेही देईन. शिकवणाऱ्या बाईंचे तासही दिले. पण माझ्या चांगुलपणावर एखाद्याची नोकरी उभी असावी, हे मला मालक म्हणूनही नको आहे. चांगुलपणा मंदीत टिकत नाही. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि गणवेश कोणी घेईना, तेव्हा मी किती चांगली राहू शकले होते, ते मला ठाऊक आहे.

या महिन्यात मी मावशींना समोर बसवून सांगितले की मुलाचे नाव ईएसआयला लावायचे आहे. सुईखाली बोट गेले तर उद्या दवाखान्याचा खर्च कोण करणार? त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, “जूननंतर काम राहील ना, ताई? शाळा सुरू झाल्यावर?” मी ऑर्डरचे पुस्तक काढून त्यांच्यासमोर ठेवले. सप्टेंबरपर्यंतची कामे त्यात लिहिलेली होती, पुढची पाने कोरी होती. त्यांना वाचता येत नाही, पण कोरे पान ओळखता येते. त्या म्हणाल्या, मुलाच्या मामाला विचारून सोमवारी सांगते.