पाय मोडायची कळ

मराठी टाइप करताना अक्षराचा पाय मोडायला वेगळी कळ लागते. इनस्क्रिप्ट पद्धतीत ती इंग्रजी डीवर असते. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, ही मांडणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवली. बंगाली असो की कन्नड, या पद्धतीने टाइप करणारे सगळे डी दाबूनच पाय मोडतात. आमच्याकडे ऐन सप्टेंबरात डीनेच अंथरूण धरलं.

सप्टेंबर अशासाठी, की वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. आमच्या सोसायटीचा मानद सचिव मी. मानद म्हणजे पगार नाही. मान तर नाहीच नाही. नोटीस काढायची शेवटची रात्र होती आणि मी 'व्यवस्थापक' लिहिलं की पडद्यावर 'वयवसथापक' उमटत होतं. शिफ्ट धरून डी दाबला की 'अ' येतो, तोही गेलेला. त्यामुळे अध्यक्षांचं 'धयकष' झालं. अहवालाचं 'हवाल' झालं, दिल माझं.

बंगळुरूहून चिरंजीवांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "बाबा, बंद करून परत चालू केलंत का?" केलं होतं. मग म्हणाला, फिल्टर कीज चालू झाल्या असतील. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवली की विंडोज ती सोय पुढे करतं, आणि मग कळ झटकन दाबून सोडली तर दाद देत नाही. आठ सेकंद शिफ्ट कोण दाबून ठेवेल? 'श'ने सुरू होणारा सौम्य शब्द शोधणारा सचिव. पण तसं असतं तर सगळ्याच कळा रुसल्या असत्या. इथे बाकीच्या ठणठणीत होत्या. आतल्या तारांची जाळी आडव्या-उभ्या रांगांत असते, एक रांग तुटली की कळा घोळक्याने जातात. एकटीच गेली म्हणजे दुखणं तिच्याच बुडाशी.

कीबोर्ड उलटा करून थोपटला. शेव पडली, तीळ पडले, एक स्टेपलची पिन पडली आणि गेल्या दिवाळीतला पोहा. डी तसाच.

मग चपट्या स्क्रूड्रायव्हरने टोपण उचकटलं. खाली रबराची छोटी टोपी असते, तिच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे. वरच्यावर आणि खालच्यावर विजेच्या वाटा छापलेल्या, मधल्याला भोकं. दाबलं की वरचा भोकातून खालच्याला टेकतो. एवढंच काय ते शास्त्र. रबराच्या टोपीभोवती चहाचा तांबूस ओघळ साखरेसकट वाळून बसला होता. चहा कोणाचा, याची घरात कुठेही नोंद नाही. कानकोरण्याच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो पुसला. टोपणाखालचा भाग चकचकीत झाला आणि पूर्वीइतकाच निर्जीव राहिला. चहा आत झिरपून वाट कुजली असावी. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर फोनवरच हात झटकले, "काका, याला रिपेर कोण करतं? नवीन घ्या. उद्या या, आता शटर ओढतोय."

शेजाऱ्यांकडून मागून आणला असता, पण थकबाकीदारांच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच.

चिरंजीवांनी मग युक्ती सांगितली: कुठूनतरी मोडका पाय एकदा कॉपी करा आणि लागेल तिथे कंट्रोल-व्ही. छान चाललं होतं. मधेच थकबाकीची यादी मागच्या फाइलमधून उचलून आणली आणि पुढच्या 'व्यवस्थापक' शब्दात व आणि य यांच्यामध्ये सतरा सभासद, रकमा आणि व्याजासकट येऊन बसले.

शेवटी आकड्यांची ओळ आठवली. शिफ्ट धरून तीन दाबला की 'क्र'मधला रकार, चारवर रफार, पुढे ज्ञ, त्र, क्ष, श्र असे तयार मिळतात. म्हणजे 'सर्व' जमतं, 'खर्च' जमतो, 'कार्यक्रम' तर अख्खा जमतो. 'लेखापरीक्षकाची नेमणूक' एकही पाय न मोडता पार पडली. 'उपस्थित'च्या जागी 'हजर' आलं, 'धन्यवाद'च्या जागी 'आभार'. 'इतिवृत्त' गेलं, 'मागील सभेची नोंद' आली. 'चेअरमन'मधला अ नसल्यामुळे 'चेरमन' झालं, पण गावाकडे तसंच म्हणतात. 'थकबाकी'ला तर कशाचीच गरज नव्हती. वाईट गोष्टींना मराठीत जोडाक्षरं कमी लागतात, असं माझं तरी मत झालं आहे.

अडलं ते लिफ्टपाशी. फ ला ट जोडता येईना. 'उद्वाहन' सुचलं, तर तिथे द आणि व. रात्रीचा दीड वाजला होता. मी विषय क्रमांक चार लिहिला: 'वरखाली होणारी जुनी पेटी बदलणे व खर्चाला मंजुरी.'

सभेला एरवी न फिरकणारं महिला भजनी मंडळ त्या रविवारी झाडून हजर होतं. विषय चार पुकारताच त्यांच्या प्रमुख काकू उभ्या राहिल्या. पेटीचा भाता खरोखरच गळतो, काळी चारचा सूर वरखाली होतो, आणि सोसायटीने आपणहून दखल घेतली याबद्दल समितीचे आभार, असं म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मी खुलासा करायला उठलो, तोवर धयकषांनी, म्हणजे अध्यक्षांनी, ठराव मताला टाकला होता. निवृत्त मराठी शिक्षकांनी अनुमोदन दिलं; एवढी शुद्ध नोटीस या सोसायटीत पहिल्यांदाच निघाली, अशी पुस्तीही जोडली.

पेटी आली. सूर उत्तम आहे. भजन पाचव्या मजल्यावर असतं आणि मंडळाच्या बायका ती जिन्याने चढवतात.