मुक्त सॉफ्टवेअरवरचं भांडार टिकत नाही? मुद्दे एकेक करून बघू

गोव्यातल्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: कॉलेजचं डिजिटल भांडार, म्हणजे प्रबंध आणि लेख ऑनलाइन जपून ठेवायची जागा, मुक्त सॉफ्टवेअरवर (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो) उभारू नका, ते आज आहे, उद्या नाही, सुरक्षित नाही, त्यात मराठी चालत नाही, फुकट म्हटलं तरी चालवायला खर्च येतोच, तयार प्रणाली विकत घ्या. नॅक, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन, तोंडावर आलं की असा सल्ला लगेच पटतो, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

‘उद्या नाही’ म्हणे. अशी भांडारं चालवणारी दोन मुक्त सॉफ्टवेअरं घ्या: इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातलं ईप्रिंट्स २००० सालचं, अमेरिकेतली एमआयटी ही संस्था आणि एचपी कंपनी यांचं डीस्पेस २००२ चं. दोन्ही आजही वापरात आहेत. देशभरातले पीएचडी प्रबंध ठेवणारी शोधगंगा डीस्पेसवर आहे. दूर कशाला, आपल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं भांडारही डीस्पेसवरच आहे. उलट विकतच्या प्रणालीचा करार संपल्यावर आपल्या नोंदी कोणत्या रूपात परत मिळणार, हे आधी लेखी मागा. डीस्पेसमधून नोंदी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) आणि फाइली मूळ रूपात बाहेर काढता येतात.

सुरक्षिततेचा धोका असतो तो अपडेट न केल्याचा. डीस्पेसच्या सहाव्या आवृत्तीची देखभाल २०२३ मध्ये थांबली. ती अजून चालवत असाल तर आधी ती बदला.

मराठीचा आरोप सर्वांत चुकीचा, आणि नुकसान करणारा. डीस्पेस युनिकोडवर, म्हणजे सगळ्या लिपींसाठी ठरलेल्या समान संगणकी अक्षरसंचावर, चालतं. शीर्षक, लेखक, सारांश देवनागरीत भरा, देवनागरीतच शोधा. अडतं ते आपल्या जुन्या फाइलींपाशी. श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या प्रबंधाच्या पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर लाखो रुपयांची प्रणाली आणली तरी त्या प्रबंधातला शब्द सापडणार नाही. मूळ वर्ड फाइल असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. नसेल तर पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं टेसरॅक्ट आहे. तेही मुक्त आणि मराठी वाचणारं. जोडाक्षरांत ते चुकतं, त्यामुळे निदान सारांश तरी माणसाने तपासायला हवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण आपल्या विद्यार्थ्यांनी मराठीत केलेलं संशोधन लोकांना सापडावं असं वाटत असेल तर ते टाळून चालणार नाही.

त्या मजकुरातली एक गोष्ट मात्र खरी: परवाना फुकट असला तरी चालवणं फुकट नाही. नव्या डीस्पेसला पोस्टग्रेस, सोलर, टॉमकॅट, नोड ही जोडीची सॉफ्टवेअरं, एवढं सगळं लागतं. ग्रंथालयातल्या जुन्या पीसीवर ते धड चालणार नाही, आणि सर्व्हर सांभाळणारा जाणकारही हवा. लहान कॉलेजला हे एकट्याने झेपत नाही हे मान्य. मग फोंडा, म्हापसा, मडगावच्या चार-पाच कॉलेजांनी मिळून एक सर्व्हर घ्यावा, एक माणूस नेमावा. डीस्पेसमध्ये प्रत्येक कॉलेजची वेगळी कम्युनिटी, म्हणजे स्वतंत्र विभाग, करता येते, आणि त्या त्या ग्रंथपालाला तेवढ्यापुरते अधिकार देता येतात.