फ्यू, अ फ्यू आणि मी

लंडनच्या साहेबांचा ईमेल आला : ‘तुमच्या अहवालात क्वाइट अ फ्यू चुका आहेत.’

मी हिशेब केला. क्वाइट म्हणजे अगदी, फ्यू म्हणजे थोड्या. म्हणजे अगदी थोड्या चुका! दोन महिन्यांच्या रडकथेनंतर कुणीतरी कौतुक केलं होतं. आनंदाच्या भरात मी अख्ख्या टीमला मस्तानी पाजली. संध्याकाळी साहेबांनी चुकांची यादी पाठवली. सदतीस.

क्वाइट अ फ्यू म्हणजे पुष्कळ, हे ज्ञान मला सहा मस्तान्यांना पडलं.

वास्तविक शाळेत बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच. अ फ्यू म्हणजे आहेत थोडे. द फ्यू म्हणजे जे काही थोडे होते ते सगळे. एका अक्षराच्या येण्याजाण्याने माणसाकडे मित्र असतात किंवा नसतात! आमच्याकडे एवढी मिजास फक्त अनुस्वाराची. पण ‘थोडे’च्या आधी ‘अगदी’ लावलं की ते ‘पुष्कळ’ होतं, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. बहुधा त्यांच्यावर कधी मस्तानी पाजायची वेळ आली नसावी.

‘सेव्हरल’चं तर विचारू नका. सेव्हनशी नाव जुळतं म्हणून कितीतरी वर्षं मी ते किमान सात धरत होतो. सेव्हरल सूचना आल्या की पहिल्या तीन वाचून उरलेल्या चार शोधत बसायचो. आणि ‘अ कपल ऑफ’? कपल म्हणजे जोडपं, म्हणजे दोन, एवढं तरी पक्कं असावं ना? साहेब ‘अ कपल ऑफ मिनिट्स’ म्हणून कॉलवरून उठतात तेव्हा माझा चहा होतो, दुसरा होतो, डबासुद्धा उघडून होतो. मला मात्र ‘अ कपल ऑफ डेज’ दिले की तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला आठवण येते. त्यांचं जोडपं लेकुरवाळं, माझं नवविवाहित.

मोठ्या आकड्यांत तरी शिस्त असेल म्हणून तिकडे वळलो, तर तिथे वेगळाच तमाशा. आजोबांच्या जुन्या इंग्रजी शब्दकोशात बिलियन म्हणजे दहा लाखांचे दहा लाख, एकावर बारा शून्यं. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी 1974 मध्ये संसदेला लेखी कळवलं की सरकारी आकडेवारीत बिलियन म्हणजे यापुढे हजार मिलियन. झाली नऊ शून्यं. तीन शून्यं गेली आणि कुणाचंही दिवाळं वाजलं नाही! माझ्या पगारातलं एक शून्य इकडचं तिकडे झालं तर घरी आठवडाभर मुगाची खिचडी.

मी अजूनही मिलियन ऐकलं की टेबलाखाली बोटं मोजतो. दहा लाख, दहा लाख, दहा लाख.

‘झिलियन’वर किती शून्यं, असं लेकीने विचारलं. म्हटलं, तो आकडाच नव्हे, नुसती फेक आहे. ‘गूगोल’ मात्र खरा : एकावर शंभर शून्यं. एडवर्ड कॅसनर या अमेरिकी गणितज्ञाने भाच्याला नाव सुचवायला सांगितलं आणि त्या नऊ वर्षांच्या पोराने ते सुचवलं. पुढे त्याचंच स्पेलिंग बदलून गूगल झालं. लेक विचारात पडली. मी घाईघाईने आपला परार्ध पुढे केला. त्याची शून्यं मोजून ती म्हणाली, ‘‘फक्त सतरा?’’

बरं, आपण तरी काय धुतल्या तांदळाचे! आपण सतराशे साठ भानगडी म्हणतो, त्या कुणी मोजल्यात? इंग्रजांचं टनभर काम असतं, तसं आपलं खंडीभर. खंडी म्हणजे वीस मण, पण ते काम तागडीत घालायला कोण बसलंय?

परवा साहेबांनी विचारलं, सदतीस चुका दुरुस्त करायला किती दिवस लागतील? मी सवयीने म्हणालो, ‘‘टू-फोर डेज.’’

‘‘टू की फोर?’’

मी खिडकीबाहेर पाहिलं. शुक्रवार होता, पुढे गणपती होते, आणि टीममधले दोघे आरतीच्या तयारीला आधीच सटकले होते.

‘‘म्हणजे... फाइव्ह-सिक्स. फार तर एट-टेन.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग साहेब हळूच म्हणाले, ‘‘आय सी. क्वाइट अ फ्यू.’’