दुएरोकाठच्या वाटा मोकळ्या का आहेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

स्पेनमध्ये दुएरो नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांमधून मुरमाच्या वाटांनी केलेल्या सायकलप्रवासावर मी लिहिले होते. त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे असे, की या वाटांना वाहनमुक्त म्हणणे दिशाभूल करणारे आहे, कारण सप्टेंबरच्या अखेरीस आपण तिकडे गेलात तेव्हा आपल्याला ट्रॅक्टर भेटले, मालवाहू गाड्या भेटल्या, एका सकाळी बंदूकधारी शिकारीही दिसले. दुसरे, ही शांतता म्हणजे ओस पडत चाललेल्या खेड्यांची शांतता आहे आणि बाहेरून आलेल्याने तिचे कौतुक करणे असंवेदनशील आहे. तिसरे, नाशिक-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात हे सारे असताना मराठी वाचकाला स्पेन कशाला दाखवायचे. शेवटी, पाण्याची आणि चिखलाची माहिती लेखात नसल्याने आपले हाल झाले, असेही आपण लिहिले आहे. हे चारही मुद्दे उत्तर देण्याजोगे आहेत. त्यांतल्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे.

आपल्याला भेटलेल्या ट्रॅक्टरांचे कारण सरळ आहे. रिबेरा देल दुएरो या दुएरोकाठच्या वाइनच्या भागात द्राक्षतोडणी साधारणपणे सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. वर्षभरात त्या वाटांवर सर्वाधिक वर्दळ असते ती याच दिवसांत. पेस्केरा दे दुएरो गावाबाहेर मी हे जवळून पाहिले आहे. काठोकाठ भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर संथपणे येतो, ट्रॉलीच्या फटींतून रस ठिबकत असतो, मुरमावर चिरडलेल्या घडांचे काळपट डाग पडतात आणि त्यांवर गांधीलमाश्या घोंघावतात. अशा वेळी सायकलस्वाराने कडेला उतरून उभे राहावे, धूळ खाली बसू द्यावी आणि मग निघावे, कारण त्या रस्त्यावर पहिला हक्क त्या ट्रॅक्टरचा आहे. मोटारींना पूर्ण मनाई असलेला रस्ता आणि कामापुरतीच वाहने येणारा रस्ता यांत फरक आहे, आणि दुएरोकाठच्या बहुतेक वाटा दुसऱ्या प्रकारच्या आहेत. त्याच नदीला साधारण समांतर जाणाऱ्या एन-१२२ या राष्ट्रीय महामार्गावर मालमोटारींची रांग लागलेली असते. त्या रस्त्यावरून सायकल चालवून पाहिलेल्याला शेतवाटेवर दिवसभरात भेटणारे चार ट्रॅक्टर जाचक वाटणार नाहीत. मे महिन्यात किंवा तोडणीपूर्वी सप्टेंबरच्या सुरुवातीला गेल्यास तेही फारसे भेटत नाहीत. शिकारीचा हंगाम मात्र शरद ऋतूत सुरू होऊन हिवाळाभर चालतो. खासगी शिकारक्षेत्राची पाटी म्हणजे वाट बंद असल्याची पाटी नव्हे. पण त्या दिवशी हाका चालू असल्याची सूचना लावलेली असेल, तर निमूटपणे मागे फिरावे.

आता शांततेविषयी. दुएरोच्या वरच्या अंगाच्या सोरिया प्रांतात लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला नऊच्या आसपास आहे, आणि तरुण माद्रिदला किंवा वायादोलिदला गेल्यामुळे कित्येक गावांत वाण्याचे दुकानही उरलेले नाही. ३१ मार्च २०१९ रोजी अशाच प्रदेशांतले लोक दवाखाने, रेल्वे आणि इंटरनेट मागण्यासाठी माद्रिदच्या रस्त्यांवर उतरले होते. हे दुःख खरे आहे आणि ते झाकावे असे मला कधीही वाटलेले नाही. परंतु वाटा मोकळ्या आहेत त्या केवळ गावे रिकामी झाली म्हणून, हे आपले अनुमान मला मान्य नाही. गावे भरलेली होती तेव्हाही त्या वाटांवर घरगुती वर्दळ नव्हती, कारण कॅस्टाइलचा, म्हणजे दुएरोच्या या पठारी मुलखाचा, शेतकरी शेतात राहत नाही. तो गावठाणात, चर्चभोवती दाटीने बांधलेल्या घरांत राहतो आणि कामापुरता शिवारात जातो. दोन गावांच्या मधे मैलोन्‌मैल एकही वस्ती नसते, त्यामुळे शेतवाटेवर शाळेची गाडी नाही, दूधवाला नाही, पाहुणा नाही.

दुसरे कारण मालकीचे आहे, आणि तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वारसाहक्काच्या वाटण्यांमुळे एकेका कुटुंबाची जमीन डझनावारी चिंधड्यांत विखुरली गेली होती. १९५२ च्या कायद्याने तुकडेजोड सुरू झाली, तेव्हा जमिनींची फेरवाटणी करताना प्रत्येक नव्या गटाला रस्ता लागेल अशी आखणी केली गेली आणि ते रस्ते सार्वजनिक झाले. आपण ज्या रुंद, सरळ, मुरूम दाबून केलेल्या वाटांवरून गेलात, त्यांतल्या कितीतरी या फेरवाटणीतून आल्या आहेत. त्याची किंमतही मोजावी लागली. बांध गेले, कुंपणाची झुडपे गेली, आणि फेरवाटणीत हात बदललेल्या तुकड्यांवरच्या कितीतरी जुन्या वेली उपटल्या गेल्या. तो सपाटपणा डोळ्यांना खुपतो आणि मी त्याचे समर्थन करणार नाही. पण वाट कोणाची, या प्रश्नाचे उत्तर तिथे कागदावर स्वच्छ आहे.

याहून जुने उत्तर मेंढपाळांच्या वाटांचे आहे. राजा दहावा आल्फोन्सो याने १२७३ साली मेंढपाळांच्या संघाला, मेस्ताला, सनद दिली. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांवर आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या कुरणांकडे कळप नेण्याचे त्यांचे मार्ग राजाच्या संरक्षणाखाली आले. मेस्ता १८३६ साली बरखास्त झाला, वाटा मात्र राहिल्या. १९९५ च्या तिसऱ्या क्रमांकाच्या कायद्याने त्या सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या. त्या विकता येत नाहीत आणि कितीही वर्षे नांगरल्या तरी अतिक्रमण करणाऱ्याच्या नावावर होत नाहीत. सर्वांत मोठ्या वाटेची, कान्यादाची, रुंदी ७५ मीटरपर्यंत, तिच्याखालच्या वर्गाची साडेसदतीस आणि त्याखालच्या वर्गाची २० मीटरपर्यंत धरलेली आहे. पायी चालणे, घोड्यावर बसणे आणि बिनमोटारीच्या वाहनाने जाणे याच कायद्याने तिथे मान्य केले आहे. १९९४ पासून दर शरदात माद्रिद शहराच्या मध्यातून मेंढ्यांचा कळप नेला जातो, तो हा हक्क जिवंत ठेवण्यासाठीच. प्रत्यक्षात अनेक कान्यादा नांगराखाली आल्या आहेत, काही ठिकाणी पाऊलवाटेएवढ्या उरल्या आहेत. तरी हक्क बुडालेला नाही, आणि जिथे तो शाबूत आहे तिथे सायकलस्वाराला कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

रिकामपणाचा द्राक्षाशी असलेला संबंध पाहायचा असेल तर सान एस्तेबान दे गोर्माथजवळच्या आताउताला जावे. साधारण १,००० मीटर उंचीवरच्या त्या छोट्या खोऱ्यात फिलॉक्सेरा या द्राक्षवेलींची मुळे खाणाऱ्या किडीच्या साथीपूर्वीच्या वेली अजून उभ्या आहेत. तारा नाहीत, मांडव नाही. प्रत्येक वेल स्वतःच्या बुंध्यावर, गुडघ्याएवढी, वाकड्या मुठीसारखी. गावाबाहेरच्या टेकाडावर द्राक्षे गाळण्याचे दगडी घाणे आणि वाइन ठेवण्यासाठी जमिनीत खोदलेली तळघरे आहेत. ओळी अरुंद आणि तुकडे लहान असल्यामुळे यंत्र आत शिरू शकत नाही, म्हणून कष्ट हातानेच करावे लागतात. अशा वेली उपटून नवी लागवड करायला जो पैसा आणि जे मनुष्यबळ लागते, ते या कोपऱ्यात उशिरापर्यंत फिरकलेच नाही. आज त्याच द्राक्षांना चांगला भाव मिळतो आणि काही तरुण त्यासाठी परतलेही आहेत. म्हणून त्या वाटेवरून सायकलने जाऊन गावातच जेवणारा, गावातच मुक्काम करणारा आणि तिथल्याच तळघरातून बाटली विकत घेणारा माणूस त्या गावाची विटंबना करतो, असे मला वाटत नाही. (ती बाटली मुक्कामी उघडावी, मद्यपानाची कायदेशीर मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे.)

ज्यांना ट्रॅक्टरही नकोत त्यांनी कातालुनियातल्या तेरा आल्ता भागातली हरित वाट धरावी. वाल दे साफान रेल्वेमार्ग १९७३ साली बंद पडला. त्याच्या भरावावरून, बोगद्यांतून आणि पुलांवरून आज सायकली जातात, आणि मोटारींना तिथे खरोखरच मनाई आहे. १९९३ पासून स्पेनने जुन्या रेल्वेमार्गांच्या अशा वाटा करण्याचा कार्यक्रम चालवला आहे. बोगद्यांसाठी दिवा मात्र जवळ हवाच. वाटेत बोत गाव लागते आणि पिनेल दे ब्राय गावी सेसार मार्तिनेल या वास्तुरचनाकाराने बांधलेली सहकारी वाइनरी पाहता येते. स्पेनच्या यादवी युद्धातल्या, १९३८ च्या एब्रोच्या लढाईत हा सगळा मुलूख भाजून निघाला होता.

नाशिकबद्दल आपण लिहिलेत ते मनापासून पटते, आणि म्हणूनच तिथला फरक स्पष्ट सांगायला हवा. दिंडोरीच्या शिवारात लोक मळ्यातच राहतात, खाण्याच्या द्राक्षाला फवारणी, विरळणी आणि पॅकिंगसाठी सतत माणसे आणि गाड्या लागतात, त्यामुळे मळ्याकडे जाणारा रस्ता हा वस्तीचाच रस्ता असतो. आपल्याकडे गावनकाशावर पाणंद आणि शिवरस्ते आहेत, पण कित्येक ठिकाणी ते दोन्ही बाजूंनी नांगरून बांधाएवढे अरुंद झाले आहेत. बांधावरून वाट मिळवण्यासाठी शेतकऱ्याला जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो, आणि अडवलेला रस्ता मोकळा करून घ्यायचा तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. ज्या वाटेसाठी तिथला शेतकरीच झगडतो आहे, तिथे सहलीचा मार्ग नकाशावर आखून लोकांना बोलावणे मला योग्य वाटत नाही. पाणंद मोकळी झाली, तर तिच्यावरून पहिल्यांदा ऊस आणि द्राक्ष जावे, सायकल त्यानंतर. दुएरोकाठी हा क्रम आधीच लागलेला आहे, म्हणून मी तिथले लिहितो.

आता पाणी आणि चिखल. दुएरोच्या वरच्या अंगाला लागोपाठच्या दोन-तीन गावांतही खानावळ उघडी सापडेल अशी खात्री धरू नये, आणि दुपारी दोन ते पाच या वेळात दुकान उघडे असेल अशी तर नाहीच. गावाच्या चौकातल्या कारंज्यावर पाणी पिण्यायोग्य नसल्याची पाटी असेल तर तिचे ऐकावे. प्रत्येकी तीन लिटर पाणी घेऊन निघावे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ही सफर टाळावी, कारण सावली जवळजवळ नाही. मुरूम टाकलेल्या वाटा पावसानंतर लवकर कोरड्या होतात, पण मळ्यांच्या मधल्या कच्च्या वाटांवरची चिकणमाती ओली झाली की चाक आणि फोर्क (चाकाला धरणारा दुबेळका) यांच्यामध्ये भरते, थोड्याच अंतरात चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. जोराचा पाऊस झाल्यावर एक दिवस थांबावे, किंवा डांबरी गावरस्ता धरावा. उन्हाळ्याच्या अखेरीस शेताच्या कडेला आपल्याकडचेच सराटे पडलेले असतात. चाळीस मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, आत पुरेसे सीलंट (भोके बुजवणारा द्रव) आणि वर एक सुटी ट्यूब असेल तर ते अडवत नाहीत. पेन्याफिएलहून पेस्केरामार्गे बाल्बुएनाच्या मठापर्यंतचा पट्टा पहिल्या दिवशी घ्यावा. तो नदीच्या कडेने जातो, गावे जवळजवळ आहेत, आणि चिखल लागलाच तर डांबरी रस्ता हाकेच्या अंतरावर असतो.