आधी रंगवा, मग चिखल फासा

रणगाड्यांच्या प्रतिकृती करण्याचा छंद लावून घ्यायचे तुम्ही ठरवलेच असेल, तर सर्वप्रथम अचूकतेची शपथ घ्यावी. अचूकता नसेल, तर हा छंद आणि प्लॅस्टिकची खेळणी चिकटवणे यांत काहीच फरक उरत नाही. आणि तो फरक तर तुम्हाला पुढची अनेक वर्षे नागपुरातल्या सीताबर्डीपासून कामठीपर्यंतच्या समस्त नातेवाइकांना समजावून सांगत बसायचे आहे. प्रमाण १:३५, म्हणजे मूळ वाहनाच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी प्रतिकृती, हेच निवडावे. १:७२ आणि १:४८ यांत काम करणारेही लोक असतात. त्यांच्याशी अदबीने बोलावे, परंतु बरोबरीने वागवू नये. हे १:३५ आले कोठून, याची मात्र फार चौकशी करू नये. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या टामिया कंपनीने मोटारीवर चालणारी पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली, तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या मावतील एवढा तिचा आकार ठेवला गेला. मागाहून मोजून पाहिले तेव्हा ते प्रमाण पस्तिसास एक भरले, आणि पुढे तेच प्रमाण रूढ झाले. तुमच्या अचूकतेचा पाया हा असा बॅटरीच्या जाडीवर घातलेला आहे.

पहिला रणगाडा जर्मन टायगरच घ्यावा. मूळ वाहन सत्तावन्न टनांचे, तोफेच्या नळीसह सुमारे साडेआठ मीटर लांब. तुमच्या टेबलावर ते चोवीस सेंटीमीटरांचे होईल. हा भागाकार एकदा अंगात भिनला की तुम्हाला शांतता लाभणार नाही. रंगाचा अर्ध्या मिलिमीटरचा पोपडा म्हणजे प्रत्यक्षात पावणेदोन सेंटीमीटरांचा, हे ध्यानात आल्यावर तुम्ही रात्री दीड वाजता उठून तो पोपडा लहान करायला बसाल.

प्लॅस्टिकचे भाग जाड दिसतात, म्हणून पितळेच्या पातळ पत्र्याचे भाग वेगळे मागवावेत. त्यांतला दोन मिलिमीटरांचा कडीचा तुकडा चिमट्यात धरावा, श्वास रोखावा आणि चिमटा किंचित अधिक दाबावा. टिक असा बारीक आवाज येईल. तुकडा कुठे गेला हे कोणालाच दिसणार नाही, कारण तो आता कुठेच नाही. तरीही मोबाइलचा दिवा फरशीला समांतर धरून गुडघ्यांवर रांगावे. हरवलेले कानातले, औषधाची गोळी आणि मागच्या वर्षी हरवलेला तुकडा एवढे नक्की सापडेल. नेमक्या याच अवस्थेत शेजारचे काका दारात येतील आणि विचारतील, ‘‘काय जी, पोरासाठी बनवून राहिले का?’’ होय म्हणावे. वेळ वाचतो.

रंगकामासाठी मे महिना उत्तम. पारा पंचेचाळिसावर गेला, की अ‍ॅक्रिलिक रंग फवारणीच्या एअरब्रशच्या टोकाशीच वाळतो, किंवा रणगाड्यापर्यंत पोहोचेतो हवेतच सुकून भुकटी होऊन पृष्ठभागावर बसतो. रंगाचे वाळणे लांबवणारे द्रावण त्यात घालता येते. परंतु ते घातल्यावर कूलर सुरू करण्याचा मोह होतो, आणि नागपुरी कूलरचा झोत जिकडे असेल तिकडेच रंग जातो. कूलर बंद ठेवावा. घामाचा थेंब बुरुजावर, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागावर, पडला तर तो टिपू नये, पुसल्यास डाग पसरतो.

रंगाची छटा हा मात्र गंभीर विषय आहे, त्यावर मैत्री तोडण्याची तयारी हवी. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाड्यांना गडद पिवळा हा मूळ रंग दिला जाऊ लागला. त्यावरचे हिरवे-तपकिरी पट्टे ओढायचा रंग तुकड्यांना घट्ट लगद्याच्या स्वरूपात मिळे आणि शिपाई तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये, जे हाताशी असेल त्यात, कालवून फवारत. म्हणजे प्रत्येक रणगाड्याची छटा वेगळी असणार, हे उघड आहे. म्हणूनच तुमच्या मित्राच्या रणगाड्यावरील हिरवा चुकीचा आहे, असे तुम्ही ठणकावून सांगावे.

१९४३ च्या अखेरीपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा टायगर निवडलात, तर आणखी एक सुख वाट्याला येते. चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून त्या काळात चिलखतावर झिमेरिट नावाचा खडबडीत लेप देत. शत्रुपक्षाने तसले सुरुंग फारसे वापरलेच नाहीत, तेव्हा जर्मनांची ती मेहनत बव्हंशी वाया गेली. तुमची जाऊ नये म्हणून पुट्टीचा पातळ थर देऊन त्यावर बारीक पात्याने ओळीत ओळ, एकेक रेघ ओढत जावी. तीन रविवार लागतात. आतले इंजिन रंगवायचे असेल तर आणखी दोन. ते रंगवून झाले की वरचे झाकण कायमचे चिकटवून टाकावे.

एवढे सगळे निर्दोष झाल्यावर त्यावर चिखल फासावा. रंगाची भुकटी, प्लास्टर आणि थोडा सुकलेला चहा यांचे मिश्रण चाकांवर, त्यांच्याभोवतीच्या साखळीपट्ट्यांवर आणि तुम्ही मोजून ओढलेल्या रेघांवर असे थापावे की झिमेरिट होते की नव्हते, असा प्रश्न पडावा.

‘‘आपला एखादा बनवला का?’’ असे कोणी विचारेलच. डिसेंबर १९७१ मध्ये भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईत परमवीरचक्राचे मानकरी अरुण खेतरपाल ज्या सेंच्युरियनमधून लढले, तो रणगाडा तुम्हाला ठाऊक असतो, त्याचे किटही मिळते. पुढच्या वर्षी घेणार आहे, असे सांगावे. हे उत्तर दरवर्षी चालते.

शेवटी रणगाडा काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावावे आणि किल्ली तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांनी लाकडी नंदीबैल मिरवायच्या, दिवशी विसरावी. घरातला भाचा त्याच्या नळीला दोरी बांधेल, कपाळाच्या जागी कुंकू लावेल आणि चाकांवरच्या लाकडी नंदीबैलांच्या रांगेत पावसाने ओल्या झालेल्या मैदानावर त्याला ओढत नेईल. शिंगे कुठे आहेत असे कोणी विचारले तर तो तोफेकडे बोट दाखवेल, आणि दहा रुपये बोजारा, म्हणजे नंदी मिरवल्याची खुशाली, घेऊन परत येईल. साखळीपट्ट्यांत तेव्हा खरा चिखल बसलेला असतो. त्यातले खडे १:३५ च्या मानाने फारच मोठे असतात. जुन्या टूथब्रशने तो धुऊन काढावा आणि त्याच रात्री नवा चिखल कालवायला बसावे.