जी लीगमुळे कॉलेज बास्केटबॉल संपलं का?

एप्रिल 2020 मध्ये शाळकरी स्टार जेलन ग्रीनने कॉलेजला नकार दिला आणि एनबीएच्या (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीग) जी लीगमधल्या, म्हणजे तिच्या खेळाडू घडवणाऱ्या दुय्यम लीगमधल्या, ‘इग्नाइट’ या नव्या संघाशी करार केला. तेव्हा आमच्या नॉर्थ कॅरोलिनात जो तो म्हणत होता, आता कॉलेज बास्केटबॉलचं काही खरं नाही. शाळा संपवलेल्या पोराला पाच लाख डॉलरच्या घरात पैसे मिळणार असतील, तर तो ड्यूकसारख्या विद्यापीठासाठी बिनपगारी कशाला खेळेल? मला मात्र तेव्हाही ही लीग हवीच होती, आणि आजही वाटतं की तिच्या धाकाने पोरांचं भलंच झालं.

खेळाडू संघटनेशी झालेल्या 2005 च्या करारात एनबीएने वयाची अट 19 वर नेली, वर शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स ज्या वाटेने थेट शाळेतून आले, ती वाट बंद झाली. मधलं वर्ष काढायला कॉलेज सोयीचं. शिष्यवृत्ती मिळायची, राहणं-जेवण मिळायचं, पगार नाही. आणि त्याच पोरांच्या जिवावर मार्च मॅडनेस या कॉलेज संघांच्या वार्षिक स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क वर्षाला अब्जभर डॉलरला विकले जातात!

20 फेब्रुवारी 2019 चा ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांचा सामना आठवा. जेमतेम 36 सेकंद झाली होती. ड्यूकचा स्टार झायन विल्यमसन वळायला गेला, डावा बूट उसवून पाय बाहेर आला आणि उजवा गुडघा धरून तो खाली बसला. प्रेक्षकांत बराक ओबामा, तिकिटांचे भाव हजारो डॉलर, दुसऱ्या दिवशी बूट कंपनीचा शेअर घसरला. त्या मैदानावर सगळ्यांचा धंदा चालू होता. पगार नव्हता तो फक्त गुडघा धरून बसलेल्याला. मला ते दृश्य बघून संताप आला होता, आजही येतो.

इग्नाइटने पगार दिला, प्रशिक्षण दिलं. आपल्या पंजाबचा प्रिन्सपाल सिंगही त्याच संघात होता. ग्रीन 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसरा निवडला गेला. पण प्रेक्षक काही जी लीगच्या मागे आले नाहीत. आमच्याकडे ग्रीन्सबरो शहरात जी लीगचा सामना बघा. हॉल छोटासा, खेळ उत्तम, पण आरडाओरडा बेताचाच. तिथून तासाभरावर ड्यूकच्या कॅमेरॉन स्टेडियममध्ये जेमतेम नऊ हजार खुर्च्या, आणि त्यासाठी विद्यार्थी थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात. हा जीव कुठल्याही लीगला विकत घेता येत नाही.

म्हणूनच जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, तशी इग्नाइटची गरजच संपली. 2024 मध्ये संघ बंद झाला. पुढच्याच मोसमात कूपर फ्लॅग ड्यूकला खेळला, कमावलं आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये पहिला आला. श्रेय मुख्यतः अशी कमाई मोकळी करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या 2019 च्या कायद्याला आणि खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या बंधनांविरुद्ध गेलेल्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधल्या 9-0 निकालाला द्यायला हवं, हे खरं. पण पोराला बाजारात भाव आहे, हे चेकवर आकडा लिहून दाखवलं ते जी लीगने. त्यानंतर ‘शिक्षण हाच मोबदला’ हे कोणाला पटणार होतं?

आता वारं उलटं फिरलंय. जी लीगचा साधा करार मोसमाला चाळीसेक हजार डॉलरचा, तर ‘हाउस’ नावाच्या खटल्यातल्या 2025 च्या तडजोडीनंतर एकेका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून साधारण 2 कोटी डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटता येतात. इग्नाइटमध्ये खेळलेला थिएरी डार्लन पुढे सांता क्लारा विद्यापीठात दाखल झाला. त्याचं काही चुकलं नाही, जिथे भाव मिळेल तिथे त्याने जावंच.

काळजी वाटते ती दुसऱ्याच पोराची. पंधरा जणांच्या संघात बावीस-तेवीस वर्षांचे, व्यावसायिक लीग खेळून आलेले गडी भरले, की शाळेतून येणाऱ्या साध्या, अजून अंगाने न भरलेल्या मुलाला प्रशिक्षक घेणार कशाला? पूर्वी असा मुलगा दोन वर्षं बाकावर बसून तयार व्हायचा. स्टार पोरांचं भांडण मिटलं. या मुलासाठी जागा राखायची असेल, तर एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, वयाचे आणि पात्रतेचे नियम आत्ताच स्पष्ट लिहून ठेवायला हवेत, दरवेळी कोर्टाने कान धरेपर्यंत थांबू नये.